यादीत न लिहिलेला आवाज

पहिली फाइल चार मिनिटं बारा सेकंदांची होती. ईशानीनं मनगटी (मनगटावर बांधायचा छोटा संगणक) कानाला लावली आणि श्वास रोखून ऐकलं. काहीच नाही. साधी खरखरसुद्धा नाही. पुढच्याही सगळ्या तशाच निघाल्या.

"आबाजी, त्रेसष्टच्या त्रेसष्ट फायली मुक्या आहेत," ती म्हणाली. "पण लांबी तर दिसते! आवाजच नाही, तर मग चार मिनिटं भरली कशानं?"

तिचे आजोबा हेमराज कापगते यांना ते ऐकताच काय झालं असावं ते उमगलं. मनगटी त्यांच्या बायकोची, ज्योत्स्नाबाईंची होती. बाई जाऊन तीन महिने झाले होते. शेवटच्या उन्हाळ्यात त्या रोज सकाळी तलावाच्या पाळीवर (बांधावर) जायच्या. कुठला पक्षी ओरडतोय, तो आता काय खातो, पिल्लं कुठं ठेवतो, हे सगळं नातीसाठी बोलून ठेवायच्या. ईशानी पुण्याला. दिवाळीच्या सुट्टीत आली की दोघींनी मिळून ऐकायचं, असं ठरलं होतं. आता ईशानी आली होती.

"आजीला जमलं नसेल," ईशानी म्हणाली. "तिनं बटण नीट दाबलं नसेल. तिला टीव्हीचा रिमोट तरी कुठं कळायचा!"

हेमराजांनी होकाराची मान हलवली असती, तर गोष्ट तिथंच संपली असती. नातीला काही कळलं नसतं. क्षणभर त्यांना तसंच करावंसं वाटलं.

"नाही," ते म्हणाले. "बटण तिनं नीटच दाबलं. राखणदाराला विचार."

राखणदार म्हणजे त्या मनगटीची ऑपरेटिंग सिस्टीम (सगळ्या ॲपवर देखरेख ठेवणारी मूळ यंत्रणा). २०४८ सालातल्या यंत्रणा विचारलं की बोलून उत्तर द्यायच्या.

"राखणदार, माझ्या आजीचा आवाज कुठं गेला?"

"आवाज ॲपपर्यंत पोचलाच नाही," राखणदार म्हणाला. "या ॲपच्या यादीत मायक्रोफोन (आवाज टिपणारा भाग) लिहिलेला नाही. म्हणून मी त्याला आवाजाच्या जागी शांतता दिली. ॲप बंद पडू नये, एवढ्यासाठी."

"चार मिनिटं शांतता?"

"चार मिनिटं बारा सेकंद."

ईशानीनं आजोबांकडे पाहिलं. "कसली यादी?"

हेमराजांनी तीस वर्षं गावोगावच्या मुलांना ॲप करायला शिकवलं होतं. समजावून सांगायचं म्हटलं की त्यांना आपोआप शब्द सुचायचे. आज ते सावकाश सुचत होते.

"समज, घर रंगवायला माणूस बोलावला. फाटकाशी राखणदार बसलेला. रंगारी आत यायच्या आधी चिठ्ठी देतो : मला स्वयंपाकघर लागेल आणि पुढची खोली लागेल. ती चिठ्ठी तुला वाचता येते. पटलं तर त्याला आत घ्यायचं."

"आणि मध्येच त्याला देवघरात जायचं असलं तर?"

"चिठ्ठीत देवघर नसलं, तर राखणदार तुझ्याकडे विचारायलासुद्धा येत नाही. तिथल्या तिथं नाही म्हणतो. ॲपचंही तसंच. ॲप स्वतःहून मायक्रोफोनला, कॅमेऱ्याला हात लावू शकत नाही. ते राखणदाराकडे मागतं. आणि काय काय मागणार, ते आधीच एका यादीत लिहून द्यावं लागतं. तिला म्हणतात मॅनिफेस्ट (ॲपचं घोषणापत्र). त्यात एकेक परमिशन (परवानगी) जाहीर करायची."

"यादीत असलं की मिळालंच?"

"सगळंच नाही. नाजूक गोष्टी असतात ना, तुझा आवाज, फोटो, तू कुठं आहेस ते, त्या यादीत असल्या तरी राखणदार ऐन वेळी तुला पुन्हा विचारतो. तू हो म्हटलं तरच. यादी ही पहिली पायरी आणि तुझं हो ही दुसरी."

ईशानीनं विचार केला. "मग सगळंच लिहून टाकायचं ना यादीत! म्हणजे भानगडच नको."

"तुझ्या त्या फळं फोडायच्या खेळानं तुझा मायक्रोफोन मागितला, तर?"

"काऊन पाहिजे त्याला?" ईशानी इथं आली की दोन दिवसांत इथलं बोलायला लागायची, 'कशाला'चं 'काऊन' व्हायचं.

"तेच विचारायचं. कामापुरतं मागावं, आणि कशाला पाहिजे ते कारण लिहावं. जास्त मागणाऱ्याला लोकांनी घरात घेऊ नये. आणि कमी मागितलं, तर..." हेमराज थांबले. "तर असं होतं."

"पण मग हे ॲप केलं कुणी? इतकी साधी गोष्ट विसरला!"

"मी केलं."

ईशानीनं मनगटी खाली ठेवली.

"एका दुपारी केलं," हेमराज म्हणाले. "तिनं मागितलं म्हणून. अर्धं लक्ष दुसरीकडेच होतं. माझ्या मनगटीवर चालवून पाहिलं, छान आवाज आला. पण माझी मनगटी कामाची. तिच्यावर तपासणीसाठी सगळी दारं उघडी ठेवलेली असतात, यादी कुणी बघत नाही. मुलांना मी दर वर्षी सांगायचो, ज्याला वापरायचंय त्याच्या यंत्रावर चालवून बघा. तिच्या मनगटीवर मी स्वतः एकदाही बघितलं नाही."

"आजीला कळलं नाही का, आवाज येत नाही ते?"

"कळलं. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, अहो, यात माझं काही ऐकू येत नाही जी. मी आतल्या खोलीत होतो. उठलोही नाही. तिथूनच म्हटलं, लाल रेघ दिसते ना? मग झालं रेकॉर्डिंग. स्पीकर बारीक असेल. तिनं मानलं. मी केलंय म्हणजे बरोबरच असणार, असं तिला वाटायचं."

"मी लॉगमध्ये (यंत्रणेच्या नोंदवहीत) त्रेसष्ट वेळा लिहिलं होतं," राखणदार म्हणाला. "ॲप करणाऱ्यासाठी. नोंदी उघडल्या गेल्या नाहीत."

"तू गप्प रे!" ईशानी ओरडली. मग आजोबांकडे न बघता म्हणाली, "तुम्ही उठून बघायचं होतं."

"हो."

"एवढंसं तर काम होतं."

"हो, बाई. एवढंसंच होतं."

ती अंगणात जाऊन बसली. हेमराजांनी तिला हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं ती आली आणि पुन्हा मनगटी उचलली. डोळे लाल होते.

"राखणदार, या ॲपच्या यादीत काय आहे, ते तरी सांग."

"दोन ओळी. पहिली, फायली साठवणं. दुसरी, जीपीएस (उपग्रहांवरून जागा ओळखायची सोय). कारण लिहिलं आहे : ज्योत्स्ना कुठं उभी होती, ते कळावं."

ते कारण आपण लिहिल्याचं हेमराज विसरून गेले होते. नकाशांची त्यांना हौस, म्हणून ती ओळ त्यांनी सगळ्यात आधी लिहिली होती.

"जागेची परवानगी जाहीर केली होती," ईशानी हळूहळू म्हणाली, "आणि आजीनं हो म्हटलं होतं. म्हणजे जागा मिळाल्या असणार!"

राखणदारानं समोरच्या भिंतीवर नकाशा उमटवला. तलावाभोवती त्रेसष्ट ठिपके. प्रत्येकाशी तारीख आणि वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दोघं पहिल्या ठिपक्यावर उभी राहिली. मोहाचं झाड, खाली ओली पायवाट, समोर कमळांची पानं. हेमराजांनी यादीत एक ओळ वाढवून आणली होती, आणि ॲप ईशानीच्या मनगटीवर घातलं होतं.

"हे ॲप मायक्रोफोन मागत आहे," मनगटी म्हणाली. "कारण : पक्ष्यांचे आवाज आणि ईशानीचं बोलणं टिपण्यासाठी. नेहमी, फक्त वापरताना, की नको?"

"फक्त वापरताना," ईशानी म्हणाली.

पानांमागून कुणीतरी ओरडलं. बारीक, तुटक, तीनदा.

"कोण आहे हा?" तिनं कुजबुजत विचारलं.

"मला नाही माहीत. तिला माहीत होतं."

ईशानी मनगटीत बोलली, "जागा पहिली. पक्ष्याचं नाव अजून माहीत नाही. शोधणार आहोत." मग ती गप्प उभी राहिली आणि पक्षी ओरडत राहिला.

रेकॉर्डिंग संपल्यावर दोघांनी डोकं डोक्याला लावून ते सगळं ऐकलं. पाणी आलं होतं. पक्षी आला होता. ईशानीचं बोलणं स्वच्छ आलं होतं. आणि अगदी शेवटी, कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज होता.

"हे तुम्ही," ईशानी म्हणाली. "पुसून टाकू?"

"राहू दे," हेमराज म्हणाले. "दुसरा ठिपका कुठं आहे, बघ."