धरणावरून आलेली गार

लाइट काही आता येत नाही, तर ऐका. ही आपल्या औशातल्या अजीजची गोष्ट. गाद्या भरायचा तो. लातूरला क्लासेस वाढले, लोक घरोघरी शिकायला आलेली पोरं ठेवायला लागले, तसा त्याचा धंदाही वाढला. स्वतःचा छोटा टेम्पो घेतला होता.

साल दोन हजार चौदा. मार्चमधला शनिवार, होळीला आठ दिवस होते. अजीज लातूरला एका होस्टेलवर गाद्या टाकायला गेला होता. किल्लारीकडच्या शेषेराव पाटलांची तनुजा तिथंच बारावीला. घरी जायचं होतं तिला. शेषेरावांनी फोन करून सांगितलं, येताना पोरीला घेऊन ये. अजीज हो म्हणाला. खरं तर औशाच्या पुढं त्या रस्त्याला तो सहसा जात नसे.

का जात नसे, तेही सांगतो. भूकंपाच्या साली, म्हणजे त्र्याण्णवला, त्याची पोरगी कहकशां सात वर्षांची होती. गणपती बघायला म्हणून नानीच्या गावाला राहिली. विसर्जनाची रात्र झाली आणि पहाटे गाव बसलं. अजीजनं स्वतःच्या हातानं दगड उपसले. पुढं सरकारनं गाव दुसरीकडे वसवलं, जुनं तसंच पडून राहिलं. अजीजची बायको फरीदा कितीतरी वर्षं अंगणातच झोपायची.

तर त्या दिवशी औसा सोडलं तेव्हा अंधार पडला होता. त्या भागात गार काही नवी नाही. म्हातारी माणसं सालं गारेवरूनच सांगायची. कोणत्या साली ज्वारी झोपली, कोणत्या साली मेंढरं मेली. जवळचं धरण भरायला लागल्यापासून गार मोठी झाली, पाण्यावरून येते ती जिवावरची असते, असंही सांगायचे. खरंखोटं कुणाला ठाऊक. पण त्या रात्री वारा धरणाच्या अंगानंच आला, आणि गार.

पहिल्या माऱ्यातच टेम्पोची काच फुटली. जुन्या गावाच्या फाट्यावर एसटीचा निवारा आहे, स्लॅबचा. अजीजनं तनुजाला ओढतच त्यात नेलं. लिंबाएवढी गार पडत होती. रस्ता पांढरा झाला. समोर जुनं गाव होतं, वीज चमकली की तेवढ्यापुरतं दिसायचं.

तनुजा कोपऱ्यात बसली. अजीज उभाच होता.

मग तो एकदम म्हणाला, "कोण हाय तिथं?"

तनुजाला कुणी दिसलं नाही. तसं तिनं सांगितलंही.

अजीजला दिसलं होतं. बाभळीजवळ. फ्रॉक घातलेलं लेकरू. उघड्यावर.

"बेटा, अंदर आ. मार लगेगा."

लेकरू हललं नाही.

वीज चमकली. त्यानं तोंड पाहिलं.

तनुजा सांगायची, चाचा पापणीही न लववता बाभळीकडं बघत होते, मला गारेपेक्षा त्यांचीच भीती वाटली. मग त्यांनी हळूच नाव घेतलं. "कहकशां… अंदर आ, बेटा."

आणि उत्तर आलं.

"छत गिरती, अब्बा."

अजीजनं वर पाहिलं. डोक्यावरच्या स्लॅबकडं. मग त्याला कळलं. वीस वर्षं. प्रत्येक पावसात, प्रत्येक गारेत… पोरगी बाहेरच. छताखाली यायला भिऊन.

"तू इथंच बैस," तो तनुजाला म्हणाला. "तिला कुणी न्हाई."

तनुजानं त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवला. सावकाश. आणि गारेत गेला.

तिला फक्त आवाज येत होता. गारेचा. मध्येच अजीजचा, लेकराला थोपटताना काढतात तसला.

मग तोही नाही.

गार थांबल्यावर शेषेराव ट्रॅक्टर घेऊन शोधत आले. अजीज बाभळीखाली बसलेला होता. डोकं फुटलेलं, पाठ काळीनिळी. डावा हात कुणाला तरी कुशीत धरल्यासारखा. शेषेरावांनी खांद्याला हात लावला, तसं तो कुजबुजला, "हळू, पाटील. आत्ता झोपली."

अजीज वाचला, पण गाद्या भरणं सोडलं. फरीदाला त्यानं सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, थंडी वाजत होती का तिला. तो नाही म्हणाला. त्या रात्रीपासून फरीदा घरात झोपायला लागली.

पण त्याला उचललं ना, तेव्हा शेषेरावांनी बॅटरी खाली मारली होती. चहूकडं गारांचा खच. पाणी. चिखल. आणि अजीजच्या डाव्या कुशीला, गुडघे पोटाशी घेऊन लेकरू निजावं, एवढीच जागा… कोरडी. फुंकर मारली तर धूळ उडेल अशी.

शेषेरावांनी तिथं तळहात टेकला.

माती उबदार होती.