रोडपालीच्या देवीचे रुप्याचे डोळे

गंगाबाई दारात येऊन उभी राहिली तेव्हा वेणू सत्यवतीताईंच्या ओटीवर आपल्या लेकीला, गोदूला, पेज भरवत होती. आठ महिन्यांची गोदू दर घासाला तोंड फिरवायची. तिला फसवून चमचा आत सारण्यात वेणू इतकी गुंतली होती, की बाईचे डोळे रडून सुजलेत हे तिच्या उशिराच ध्यानात आलं. ताईंनी मात्र पाण्याचा तांब्या केव्हाच पुढे केला होता.

“रोडपालीहून चालत आलात, तेही उपाशी,” ताई म्हणाल्या. “बसा. काय झालं?”

“देवीचे डोले गेले, बाय. रुप्याचे. नि गाव म्हनतो, माज्या काशिरामनं नेले.”

सत्यवतीताई पूर्वी मुंबईच्या पोलिसांत होत्या. यजमान गेल्यावर त्या पनवेलला आल्या आणि दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी लावली. आधी गाव हसलं, मग हळूच मागच्या दाराने यायला लागलं. शेजारच्या वेणूचं अक्षर वळणदार, म्हणून त्यांची टिपणं ती लिहायची. तर्क करायला गेली की मात्र हटकून भलत्याच दारात जाऊन उभी राहायची.

हकीकत अशी होती. रोडपालीत देवीची पूजा घरोघरी पाळीने फिरते. यंदा दहा वर्षांनी ती गंगाबाईच्या घरी आली होती आणि देवळाची एकुलती एक किल्ली तिच्या लेकाकडे, काशिरामकडे होती. काल, शुक्रवारी, सकाळची पूजा उरकून तो मित्राबरोबर मुंबईला कसोटी सामना बघायला गेला. देऊळ गावाबाहेर, खाडीच्या अंगाला. दुपारी बाराला पंच बुधाजी जाळीच्या दारातून देवीच्या पाया पडले, तेव्हा डोळे जागेवर होते. दिवेलागणीला नव्हते. कुलूप शाबूत. रात्री काशिराम परतला तेव्हा किल्ली त्याच्या कमरेलाच होती.

“मंगलवारी गावकी बसनार,” गंगाबाई म्हणाली. “वालीत टाकतील आमाला. कुनी चुलीला विस्तव पन देनार नाय.”

“अहो, पण तो सामन्याला होता ना?” वेणू म्हणाली. “मित्र सांगेल की.”

“तोच तर म्हनतो, काशिराम आलाच नाय!”

काशिराम त्यांना मिठागराच्या बांधावर चिखल लिंपताना सापडला. खांदे रुंद, बोटं लांब. पनवेलच्या संघाचा तो वेगवान गोलंदाज. वेणूला तो पहिल्याच नजरेत आवडला नाही. खाली मान, तुटक उत्तरं.

“दिनानाथसंगं पयल्या एस.टी.नं गेलो. पूर्वेच्या स्टँडात बसलो, उघड्या बाकावर. जेवनाच्या सुट्टीत तो म्हनला, मावशीकडं जाऊन येतो. आलाच नाय परत.”

“सुट्टीनंतर खेळ कसा झाला?” ताईंनी विचारलं.

“नीट दिसला नाय.”

“दिसला नाही म्हणजे?”

“डोले चुरचुरत व्हते. पांढरं पांढरं हालताना दिसायचं. लोक वरडले की मी पन वरडायचो.”

वेणूची पेन्सिल थांबली. क्रिकेटसाठी जीव टाकणारा पोरगा, आणि म्हणे खेळ दिसला नाही!

“आणि किल्ली?”

“देवीची किल्ली शिवेपल्याड न्यायची नाय. शिवेच्या दगडाखाली ठेवली, येताना घेतली.”

“हे पंचांना सांगितलंस?”

“कोनत्या तोंडानं? आईला पन ठाव नाय.”

“कुणालाच माहीत नव्हतं?”

त्याने चिखलाचा गोळा बांधावर थापला. “गावात कुनालाच नाय.”

परतताना वेणू फणफणली. “खोटारडा आहे मेला!”

“असेल,” ताई म्हणाल्या. “पण खोटंच बोलायचं, तर माणूस जरा बरं खोटं बोलेल की नाही?”

दिनानाथ पनवेलात वडिलांच्या भाताच्या गिरणीवर भेटला. गोरापान, हसतमुख. त्याने खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला, गोदूच्या मुठीत बिस्किट ठेवलं. वेणू तिथेच विरघळली.

“एस.टी. स्टँडवर त्याची वाट बघून बघून कंटाळलो, बाई. शेवटी एकटाच जाऊन पूर्वेच्या स्टँडात बसलो. शेजारची जागा दिवसभर रिकामी. काश्या असता तर, असं सारखं वाटत होतं.”

“खेळ कसा झाला?”

“जेवणानंतर तर काय बहार! लागोपाठ तीन चौकार, मग स्लिपमध्ये झेल, चहाच्या आधी दोघं पायचीत. संध्याकाळपर्यंत जागचा हललो नाही. ही मान बघा, दिवसभराच्या उन्हाने कशी भाजलीय!” त्याने कॉलर खाली ओढली. मान खरंच लाल होती.

“तुम्ही जिवलग. काशिराम असं करील?”

“मनाचा वाईट नाही हो. पण बेफिकीर. देवीची किल्ली दगडाखाली टाकून हुंदडणाऱ्या माणसाचं काय सांगावं? झाला असेल मोह.” त्याने सुस्कारा सोडला. “पुढच्या रविवारी मुंबईच्या एका क्लबात त्याची चाचणी होती. आता दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं लागेल.”

“दुसरं कोण?”

“बघू,” दिनानाथ म्हणाला आणि चहा गार होतोय म्हणून घाई करू लागला.

ताई उठल्या. “वेणू, सोमवारी गोदूची दुपटी जास्त घे. आपण मॅचला जातोय.”

लेक झाल्यापासून वेणू पनवेलची वेस ओलांडून गेली नव्हती. स्टेडियमच्या पायऱ्या चढून वर आल्यावर समोर ते एवढं मोठं हिरवं गोल मैदान पसरलेलं पाहिलं आणि तिला उगाचच हसू फुटलं. ताईंनी मुद्दाम पूर्वेच्या स्टँडची तिकिटं काढली होती. सकाळचं ऊन पाठीवर होतं. गोदू मांडीवर निवांत झोपली होती आणि वेणूला फलंदाजाच्या बुटांच्या नाड्यासुद्धा दिसत होत्या.

जेवणाच्या सुट्टीत ती दुपटं धुवायला गेली. येऊन बघते तर तिच्या जागी एक जाडजूड गृहस्थ डबा उघडून बसलेले.

“अहो, ही माझी जागा!”

“बाई, इथे सुई ठेवून गेलात तरी सुईवर माणूस बसेल,” गृहस्थ म्हणाले, पण बिचारे सरकले.

सुट्टीनंतर गोदू जी रडायला लागली ती थांबेना. ऊन थेट तिच्या तोंडावर. वेणूने इकडे वळवली, तिकडे वळवली, शेवटी दोन्ही हातांनी पदराचा पडदाच धरला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

“कोण गेला हो, ताई? मला तर काही दिसेना!”

ताई तिच्याकडे एकटक बघत होत्या. मग त्यांनी छत्री उचलली. “चल. काम झालं.”

“आणि सामना?”

“उद्याच्या पेपरात वाचू.”

मंगळवारी संध्याकाळी देवळासमोर सगळं गाव बसलं. बुधाजी मधोमध. किल्ली गावाने काढून घेतली होती, ती त्यांच्या मुठीत. साक्षीला आलेल्या दिनानाथने आपली हकीकत पुन्हा सांगितली, चौकारांसकट. काशिरामने मान वर केली नाही. वेणू गोदूला थोपटत गंगाबाईला टेकून बसली.

“बुधाजी,” ताई म्हणाल्या, “या दोघांपैकी एक जण दुपारी स्टेडियममध्ये नव्हता. कोण ते आम्हाला या वेणूच्या पोरीने दाखवलं.”

वेणू दचकली.

“पूर्वेच्या स्टँडात माणसाचं तोंड पश्चिमेला. सकाळी मान तापते, पण दुपारनंतर सूर्य डोळ्यांत येतो. संध्याकाळपर्यंत तिथे बसलेला माणूस आधी तोंड भाजल्याचं सांगेल. दिनानाथची नुसती मान भाजली, कारण तो सुट्टीपर्यंतच होता. पुढचे चौकार आणि झेल शनिवारच्या पेपरातले. आणि काशिराम म्हणाला, नीट दिसलं नाही. मिठागराच्या उन्हात राबणाऱ्याला उन्हाची तक्रार सुचत नाही, पण खरं तेच होतं. जो तिथे होता त्याला खेळ दिसला नाही. जो नव्हता त्याला सगळा दिसला!”

लोकांत कुजबुज उठली.

“शिवाय, कसोटीच्या गर्दीत शेजारची जागा दिवसभर रिकामी? शक्य नाही. तिथे काशिराम होता. सुट्टीत निघालेला माणूस चारपर्यंत पनवेल गाठतो. तिथून सायकलने रोडपाली कितीशी लांब?”

“आणि किल्ली?” दिनानाथ उसळला. “ती तर याच्या कमरेला होती!”

“शनिवारी तर तुम्ही म्हणालात दगडाखाली होती. वेणूने लिहून घेतलंय. त्या दिवशी काशिराम भेटलाच नाही, तर दगड कुणी सांगितला? पाळी दहा वर्षांनी आलेली. किल्ली हाती आल्यावर शीव ओलांडून तो त्या दिवशी पहिल्यांदाच गेला.”

तेव्हा काशिराम पहिल्यांदा बोलला, हळूच.

“एस.टी.त मीच सांगितला तुला, दिन्या. गावकीपुढं मी तुला चोर म्हनलो नाय. वाटलं, तूच येशील नि खरं सांगशील.”

मग दिनानाथचा चेहरा लहान पोरासारखा वेडावाकडा झाला. “चाचणीला मला पाठवणार होते... तू संघात यायच्या आधी. डोळे गिरणीत आहेत. माझ्या पॅडच्या कापसात.”

रागाने धावून गेलेल्यांना बुधाजींनी अडवलं आणि दोन माणसं गिरणीवर धाडली. मग ते काशिरामकडे वळले. “चोर तू नायस. पन किल्ली उघड्यावर ठेवलीस, त्याचा नारल देवीला द्यायचा. नि येत्या सोमवारपर्यंत पाली तुजीच. ही घे.”

काशिरामने हात पुढे केला, पण अर्ध्यावरच थांबला. चाचणी रविवारी होती आणि किल्ली शिवेपल्याड नेता येत नव्हती.

गंगाबाईने वेणूच्या खांद्याला धरून उठत बुधाजींच्या हातातली किल्ली सरळ उचलली.

“गंगे! बाईमानसाच्या हाती किल्ली? असं कदी झालं नाय.”

“पाली घराची हाय ना? मंग घरात मी पन हाय. वालीत टाकताना मना सोडनार व्हता काय?”

गंगाबाईने किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि लेकाच्या पाठीत एक धपाटा घातला.

“रविवारी पयली एस.टी. पकड,” ती म्हणाली. “नि या टायमाला एकटाच जा.”