धोंडूने जपलेली रांगोळी

"सांग पाहू, आत्ता या घडीला तुझ्या अंगठ्याच्या नखातून काय आरपार जातंय?"

शर्वरीने अंगठा डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. नख होतं तिथे होतं. भोक नाही की ओरखडा नाही. "काहीच नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही म्हणे! अगं, दर सेकंदाला अब्जावधी न्यूट्रिनो जातायत. थेट सूर्यातून निघालेले!" आत्याआजीने कपाळावर हात मारून घेतला. "आणि बाईसाहेबांना पत्ता नाही!"

आत्याआजी म्हणजे शर्वरीच्या बाबांची आत्या, डॉ. वत्सला नाडगौडा. जीभ फटकळ, पण मन लोण्यासारखं. घोणसडा डोंगराच्या पोटात, एका लांबलचक बोगद्याच्या टोकाला तिची प्रयोगशाळा होती. न्यूट्रिनो (विद्युतभार नसलेला, अगदी नगण्य वस्तुमानाचा कण) डोंगरालाही जुमानत नाही. पण आकाशातून कोसळणारे बाकीचे दांडगे कण दगडात अडकतात. आत्याआजीला जे ऐकायचं होतं ते इतकं हळू होतं, की या गोंगाटापासून पळून ती डोंगरात शिरली होती.

शर्वरी दिवाळीच्या सुट्टीत इथे आली होती. वर्षअखेरीला आत्याआजी निवृत्त होणार होती, आणि जन्मभर जे शोधलं ते अजून हाती लागलेलं नव्हतं. ते एकदा तरी तिला दिसावं, एवढंच शर्वरीला मनापासून वाटत होतं.

"पण तू शोधतेस तरी काय?" तिने बेसनाचा लाडू उचलत विचारलं.

"एक नियम मोडताना पकडायचाय," आत्याआजी म्हणाली. "इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो दोघे एकाच घराण्यातले. लेप्टॉन (हलक्या कणांचं घराणं) म्हणतात त्याला. या प्रत्येकाला आपण 'अधिक एक' देऊ. त्यांचे प्रतिकण (गुणांनी उलटे असे जुळे) असतात, त्यांना 'उणे एक'. आजवरचा नियम असा, की काहीही घडो, आधीची बेरीज आणि नंतरची बेरीज सारखीच."

"मग?"

"आता हे बघ." काचेपलीकडे करड्या शिशाच्या विटांची एक चौकोनी भिंत होती. "त्या विटांच्या आत, भयंकर थंडीत कथील ठेवलंय. भांड्यांना कल्हई करतात ना, तेच. कथलाच्या एका जातीत असं होऊ शकतं, की अणुकेंद्रातले दोन न्यूट्रॉन एकदम प्रोटॉन होतात आणि दोन इलेक्ट्रॉन बाहेर फेकतात."

"म्हणजे अधिक दोन! नियम मोडलाच की!"

"शाबास! पण थांब. सोबत दोन प्रतिन्यूट्रिनोही पळतात. उणे दोन. झाली बेरीज शून्य." आत्याआजी पुढे झुकली. तिचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. "पण समजा, न्यूट्रिनो हा स्वतःच स्वतःचा प्रतिकण असला तर? मग एका न्यूट्रॉनने टाकलेला न्यूट्रिनो दुसरा न्यूट्रॉन आतल्या आत झेलेल. बाहेर येतील नुसते दोन इलेक्ट्रॉन."

"आणि बेरीज अधिक दोन. पण नियम मोडणं वाईट ना गं?"

"वाईट कसलं! विश्व जन्मलं तेव्हा कण आणि प्रतिकण सारखेच उरले असते, तर एकमेकांना भेटून सगळे नाहीसे झाले असते. तू नाही, मी नाही, तुझ्या हातातला लाडूही नाही. तेव्हा कुठेतरी असा नियम मोडला असावा आणि म्हणून आपण उरलो, असं आम्हाला वाटतं. नुसतं वाटतं हं, सिद्ध व्हायचंय."

शर्वरीने लाडवाकडे जरा आदरानेच पाहिलं. "पण ते कळणार कसं? न्यूट्रिनो तर दिसतच नाही."

"हाच लाडू घे. ही त्या घटनेतली एकूण ऊर्जा. खाणारे चार, दोघे दिसणारे, दोघे न दिसणारे. दिसणाऱ्यांच्या वाट्याला कधी अर्धा, कधी पाऊण, पण अख्खा लाडू येतच नाही. अदृश्य पाहुणे नसतीलच, तर दर वेळी अख्खाच्या अख्खा लाडू दोघांना! संगणकाच्या पडद्यावर ठिपके नेमके त्या अख्ख्या लाडवाच्या जागी साचायला लागतील. तिथे एक सुळका उभा राहील." मग ती सुस्कारली. "फक्त एक चोर सांभाळायचा. दगडमातीत कणभर युरेनियम असतं, त्यातून पुढे बिस्मथ नावाचा धातू तयार होतो आणि त्याचा एक किरण मेला नेमका त्याच जागी येऊन बसतो. म्हणून आम्ही आत धुळीचा कणही जाऊ देत नाही."

तेवढ्यात तिचा सहकारी सुदेश केरकर धापा टाकत आत आला. "मॅडम, सुळका! दसऱ्यानंतरची सगळी मोजणी एकत्र केली. सुळका उभा आहे!"

आत्याआजी उठली ती पडद्यापाशीच थांबली. ठिपक्यांचा उंच सुळका, अगदी हवा तिथे. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. डोळे भरून आले होते. शर्वरीने आनंदाने टुणकन उडी मारली.

"आज संध्याकाळीच जगाला कळवू या!" सुदेश म्हणाला.

"आत काही राहिलं नाही ना रे?"

"छे हो, मॅडम. खंडेनवमीला यंत्र उघडलं होतं तेवढंच. नंतर धोंडूने सगळं पुसून विटा रचल्या."

खंडेनवमी म्हणताच शर्वरीला आठवलं. त्या दिवशी अवजारांची पूजा करतात. ती आईबाबांबरोबर आली होती. यंत्र स्वच्छतेसाठी उघडं होतं आणि मधल्या मोकळ्या जागेत वाडगाभर दगडाची भुकटी वापरून तिने मोठ्ठी ठिपक्यांची रांगोळी काढली होती. सगळ्यांनी वाहवा केली, आणि सगळे प्रसाद घ्यायला बाहेर गेले.

ती हळूच कोपऱ्यात उभ्या असलेल्या धोंडूकडे गेली. शिशाच्या विटांचे धोंडे वाहणारा यंत्रमानव, म्हणून त्याचं नाव धोंडू.

"धोंडू, माझी रांगोळी तू पुसलीस ना?"

"नाही, शर्वरीताई," धोंडू अभिमानाने म्हणाला. "आपण शिकवलं होतं. रांगोळीवर पाय द्यायचा नाही, पुसायची नाही. बाकी सर्व पुसलं. मग रांगोळीला धक्का न लावता तिच्याभोवती विटा रचल्या. रांगोळी आत सुखरूप आहे."

अरे देवा! म्हणजे दगडाची भुकटी आतच! शर्वरीला रडूच कोसळलं. गप्प बसलं तर आत्याआजी हसत राहील. साऱ्या जगात तिचं नाव होईल. सांगितलं तर ते हसू आपल्याच हाताने पुसायचं. पण तो सुळका खोटा असेल, तर हसूसुद्धा खोटंच की! तिने बाहीने नाक पुसलं आणि सरळ जाऊन सगळं सांगून टाकलं.

सुदेश मटकन खुर्चीत बसला. आत्याआजी मात्र थेट संगणकाकडे वळली. "पडद्यावर नुसती त्या जागेची पट्टी आहे. सगळी मोजणी उघड बघू. बिस्मथ कधी एकटा येत नाही, गोतावळा घेऊन येतो."

सुदेशने पट्टी रुंद केली. खाली एकामागून एक बिस्मथचे सुळके दात काढून उभे होते.

"घ्या!" आत्याआजी म्हणाली. "आनंदाच्या भरात मीच आधी बघायचं विसरले. म्हातारी झाले, दुसरं काय." मग तिने शर्वरीला जवळ ओढलं. "रडतेस कशाला, वेडाबाई? उद्या साऱ्या जगाने मला खोटं पाडलं असतं. आज तू वाचवलंस. माझा सुळका गेला खरा, फार वाईट वाटतंय मला. पण तुझा मला अभिमानही तेवढाच वाटतोय."

शर्वरी तिच्याकडे बघतच राहिली. जन्मभर वाट पाहिलेली गोष्ट हातातून गेली, आणि ही बाई दुसऱ्याचे डोळे पुसत होती! एवढं मोठं मन तिने आजवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यंत्र उघडलं. रांगोळी गेली, विटा घासल्या आणि धोंडूला नवा धडा मिळाला: डोंगराच्या आत जे काही परकं दिसेल ते पुसायचं, मग ते कितीही सुंदर असो.

आत्याआजी निवृत्त झाली, पण बोगद्यात यायची काही थांबली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शर्वरी गेली, तेव्हा पडद्यावरची त्या जागेची पट्टी अगदी कोरी होती. सुळका नाही, बिस्मथ नाही. फक्त अख्ख्या लाडवाच्या जागी एकच एक ठिपका.

"हा तो आहे?" शर्वरीने श्वास रोखून विचारलं.

"कोण जाणे! असेलही, नसेलही. एका ठिपक्याने काही सिद्ध होत नाही." आत्याआजी गालात हसली. "पण तू रांगोळी काढतेस, तुला ठाऊक आहे. सुरुवात एका ठिपक्यापासूनच होते ना?"

दोघी खांद्याला खांदा लावून पडद्याकडे पाहत राहिल्या. मागून धोंडू फडकं घेऊन आला.

"पडद्यावर एक ठिपका दिसतो आहे. पुसू का?"

"नको!" दोघी एकदम ओरडल्या.