झोपून दिसेल अशी खिडकी

गेटवर ऋतिकाची बॅग उलटी झाली. कटर, मेजरिंग टेप, दोन पेन्सिली आणि एक अर्धी खाल्लेली चिक्की टेबलावर पडली.

"चिक्की चालेल," झडती घेणारा गंभीरपणे म्हणाला. "कटर आणि टेप इथंच राहणार."

"मग भिंत कशानं मोजू? वितीनं?"

"तुमची वीत छोटी आहे, मॅडम. टेप मी धरतो. तुम्ही फक्त सांगा, कुठं धरू..."

ऋतिका झापणारच होती. पण त्याचं तोंड हसत नव्हतं, नुसते डोळे हसत होते. लबाड!

मुलुंडच्या डोंगराखालचं ते निरीक्षणगृह. गुन्ह्यात सापडलेली सोळा-सतराची पोरं केसचा निकाल लागेपर्यंत तिथं राहायची. त्याची नवी इमारत हिरवी करायची होती — वारा जास्त, वीज कमी, पावसाचं पाणी टाकीत. नकाशा ऋतिकाचा. आणि ऋतिकावर नजर ठेवायला हा गेटवरचा मिथुन, तिथला वॉर्डन.

बाहेरच्या भिंतीवर तिचा भारी जीव. बारा फूट भिंत, तिला लोखंडी जाळी, जाळीवर कृष्णकमळ. नमुन्याचा एक तुकडा लावूनही झाला. मिथुननं जाळी हलवून बघितली, बूट काढले... आणि पोरांच्या शिट्ट्यांत सरसर चढून भिंतीवर जाऊन बसला.

"मॅडम, शिडी झकास आहे!"

"वेलीसाठी आहे ती!"

"वेल वर यायला दोन पावसाळे लागतील. पोरं आज संध्याकाळीच जातील."

ऋतिका कानापर्यंत लाल झाली. मग स्वतःच खो-खो हसत सुटली. वरून तो बघतच राहिला.

जाळी निघाली. वेली गच्चीच्या कठड्यावरून खाली सोडायचं ठरलं, हात पोचणार नाही इतक्या वर थांबणाऱ्या. ती रोज यायला लागली. कधी काम असायचं, कधी नसायचं. तिसऱ्या आठवड्यात 'मॅडम' गळून पडलं, चौथ्यात 'तुम्ही'.

"रविवारी बोरिवलीला घरी ये ना," ती म्हणाली. "आईला भेट."

"रविवारी ड्युटी आहे गं."

पुढच्या रविवारीही ड्युटी. त्याच्या पुढच्याही! आवडत नसेन तर सांगून टाक ना यार... तिला रात्र रात्र वाटायचं. पण विचारायला जीभ रेटायची नाही.

एका दुपारी ती जुन्या इमारतीत, पोरांच्या झोपायच्या खोलीत नकाशा पसरून बसली होती. पोरं वर्गात गेलेली. मिथुननं नव्या खोलीच्या खिडकीवर बोट ठेवलं.

"ही खाली घे."

"सात फुटांवर सेफ आहे रे. उजेड येतो, हवा येते..."

"गज राहू दे. पण खाली घे. झोपल्यावर नुसतं छत दिसतं."

"तुला काय माहीत?"

तो कोपऱ्यातल्या खाटेकडे बघत म्हणाला, "मी तिथं झोपायचो. सतरा वर्षांचा होतो. मजा म्हणून बाईक उचलली होती. पाच महिने काढले इथं."

पलीकडच्या वर्गात पोरं पाढे ओरडत होती.

"कायद्यानं माझी फाईल कधीच नष्ट केली," तो म्हणाला. "कुणाला कळलंही नसतं."

"मग मला का सांगितलंस?"

"खिडकीचं माप चुकलं असतं ना..."

आता ही बॅग उचलणार, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. ऋतिकानं पेन्सिल उचलली.

"आडवा हो."

"आँ?"

"खाटेवर. तेव्हा झोपायचास तसा." तो झोपला. ती भिंतीवर बोट खाली खाली नेत गेली. "इथं?"

"अजून खाली."

"इथं?"

"थोडंसं... हां. इथून डोंगर दिसेल."

तिनं खूण केली आणि खाटेच्या कडेला येऊन बसली. अगदी जवळ.

"म्हणजे ड्युटी नव्हतीच तर. या रविवारी ये. आई सुरमई आणणार आहे."

"हे तिला सांगावं लागेल, ऋतिका. सगळं."

"सांग ना, तूच सांग. पण जेवून झाल्यावर," ती त्याच्या बोटांत बोटं गुंतवत म्हणाली. "सुरमई थंड झालेली तिला अजिबात खपत नाही."