गुणवंतरावांचं जांभूळताक

इस्तारीला बैलगाडीतून उतरवलं तेव्हा त्याची मान लोंबत होती आणि अंगावरचा घाम गाडीतल्या तणसावर ठिबकत होता. अर्धा आठवडी बाजार त्याच्या मागोमाग दवाखान्याच्या फाटकात येऊन उभा राहिला. मदतीला नव्हे, बघायला.

"काय खाल्लं यानं?" शगुफ्ताने विचारलं.

"खाल्लं नाई. जांभूळताक पेला अन् पडला!" चार जण एका सुरात ओरडले.

धावडटोल्याचा सरकारी दवाखाना अहेरीपासून दहा कोस जंगलात. डॉक्टर एक, सिस्टर एक, खिडकीत औषधं वाटणारा सुरेंद्र आणि रक्त तपासणारी शगुफ्ता. अहेरीच्या शिलाईकाम करणाऱ्या घरातली ही बाई, वय चाळीस, जिभेला धार. अकरा वर्षं या गावाचं रक्त तपासून तिचं एक मत पक्कं झालं होतं : इथे औषधापेक्षा अफवा लवकर लागू पडते.

तिने इस्तारीच्या बोटातून थेंब घेतला. रक्तातली साखर सव्वीस, नेहमीच्या निम्म्याहूनही कमी.

इस्तारीला मधुमेह नव्हता. तलावात जाळं टाकणारा, काटक माणूस. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं, इस्तारीने डोळे उघडले. बाहेर लोकांनी सुटकेचा नि थोड्या निराशेचा श्वास सोडला.

एवढ्यात गर्दीतून गुणवंतराव पुढे आले. निवृत्त मास्तर, पांढरं धोतर. जांभळं पिकल्यापासून दर बाजाराला ते आंबवलेल्या ताकात जांभळाचा गर घुसळून विकत. फळीवर लिहिलेलं होतं : साखर, सांधे, अशक्तपणा, सगळ्यांवर एकच गिलास. फळीखाली गिऱ्हाइकांच्या रक्ततपासणीच्या चिठ्ठ्या टांगलेल्या. आधी दोनशे ऐंशी, नंतर एकशे तीस. प्रत्येक चिठ्ठीवर शगुफ्ताची सही होती. तिने एकेक नमुना दोनदा तपासला होता. आकडे खरे होते, आणि त्याचाच तिला सर्वांत जास्त राग होता.

"माझ्या ताकात खोट नाही," मास्तर गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाले. "जांभळं या गिरजाकडून घेतो. हिनंच कोणतं तरी विषारी फळ मिसळलं असंल."

गिरजा म्हणजे इस्तारीचीच बायको. नवऱ्याचे पाय धरून बसलेली ती बाई दचकून उठली.

"मी काऊन मिसळीन, मास्तर? माहा नवरा हाय तो!"

"म्हणूनच," मागून कोणीतरी म्हणालं आणि दोघे-तिघे हसले.

बाजाराच्या बंदोबस्तावरच्या पोलीस जमादाराला तेवढं पुरलं. त्याने गिरजाला व्हरांड्यात बसवलं आणि ताकाचं मडकं, मसाल्याची पुडी, उरलेली जांभळं पुरावा म्हणून दवाखान्यात आणून ठेवली.

शगुफ्ताने व्हरांड्यात जाऊन गिरजाला सांगितलं, "जीभ दाखव."

जीभ जांभळीकच्च होती. टोपलीतलीच जांभळं ती दिवसभर खात होती, तिच्या दोन्ही पोरीही. तिघी ठणठणीत.

"इस्तारी ताक कधी पेला?"

"बाजार उठताना, बाई. मास्तरचं पाणी भरून देते ना तो, म्हणून तळाचं उरलेलं फुकट भेटते. सकाळपासून उपाशी होता."

"याच्या आधी कोणाले असं झालं?"

"मागच्या बाजाराले सुगंधाबाईले चक्कर आली. अन् तो बुधू... तो तर मेलाच ना. सारे म्हणे, ऊन लागलं."

सुगंधाबाई गर्दीतच होती. शगुफ्ताने तिला विचारलं, "तुम्ही ताक कधी पेल्या?"

"बाजार उठता उठता. मडकं तिरपं करून ओतलं मास्तरनं. पण मले उन्हानंच झालं बाई, ताक त लई गुणाचं हाय!"

"अन् बुधू?"

"तो माह्या आधीच्या बाजाराले. त्यानं त शेवटी मडकं विसळून पेलं."

शगुफ्ताने कपाळावर हात मारला. माणूस मेला तरी ताक गुणाचंच!

ती मास्तरांकडे वळली. "तुम्ही सोता पेता का हे?"

"दर बाजाराला. सकाळी मसाला घातला की पहिला गिलास सगळ्यांसमोर मीच पितो." बोलताना मास्तरांची जीभ जांभळी दिसत होती.

"मसाला कोणाचा?"

"सुरेंद्रचा. जिरं, काळं मीठ घरून कुटून देतो. फार धार्मिक पोरगा."

सुरेंद्र औषधांच्या खिडकीत उभा होता. तो हसून म्हणाला, "मी त दर बाजाराले दोन गिलास पेतो, मॅडम. आज बी पेलो. काही झालं का मले?"

हसताना त्याची जीभ दिसली. गुलाबी, स्वच्छ.

शगुफ्ताची नजर त्याच्या खिडकीवर गेली. गेले दोन महिने शुगरच्या गोळ्या मागायला येणाऱ्यांना हाच सुरेंद्र सांगत होता : गोळ्या वरूनच येऊन नाई राह्यल्या, मास्तरचं ताक प्या. तिची आई कनीज हीसुद्धा त्याच खिडकीतून रिकाम्या हाताने परतली होती.

संध्याकाळी सहा वाजता सिस्टर धावत आली. इस्तारी पुन्हा बेशुद्ध. साखर एकतीस.

आता मात्र शगुफ्ताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती डॉक्टरांशी बोलली. डॉक्टरांनी ग्लुकोजची बाटली सकाळपर्यंत सुरू ठेवायला सांगितली आणि मडक्याच्या खोलीला कुलूप घातलं.

सकाळी नऊला व्हरांड्यात सगळे जमले : जमादार, मास्तर, सुरेंद्र, रात्रभर तिथेच बसलेली गिरजा, आणि अर्थातच गाव. शगुफ्ताने टेबलावर मडकं ठेवलं, शेजारी पाण्याचा काचेचा गिलास. गिलासात तिने पुडीतला मसाला चिमूटभर टाकला आणि चमच्याने ढवळला.

"सुरेंद्रभाऊ, यात पांढरं काय हाय?"

"मीठ. काळं थोडं, पांढरं थोडं."

सगळे पाहत राहिले. पाणी निवळलं. जिऱ्याचा काळपट चुरा तळाशी बसला आणि त्याच्याभोवती पांढरी पूड.

"मीठ विरघळते, भाऊ. हे कोणतं मीठ, जे बसून राह्यलं?"

"मले काय मालूम? भेसळीचं असंल बाजारातलं."

"असू दे." तिने मडकं तिरपं करून बुडाशी चिकटून राहिलेलं थोडं घट्ट ताक एका गिलासात ओतलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. "तू दर बाजाराले दोन गिलास पेतोस ना? पे."

सुरेंद्रने गिलासाला हात लावला नाही. "हे कालचं हाय. आंबलं."

"ताक आंबवूनच करतेत. पे."

"नाई पेत."

"काल बी नाई पेलास. काल ताक पेलेल्या समद्यायच्या जिभा जांभळ्या होत्या. तुही जीभ गुलाबी. एका थेंबानं बी रंगली नव्हती."

जमादाराने पहिल्यांदा गिरजावरची नजर काढून सुरेंद्रकडे वळवली.

"समजून सांगा बाई," तो म्हणाला.

"जांभळानं माणसाची साखर सव्वीसवर येत नाई," शगुफ्ता म्हणाली. "ताकानं बी नाई. सडक्या फळानं उलट्या होतीन, जुलाब होतीन. साखर एवढी पाडते ती शुगरची गोळी. अन् तिचा अंमल दिवसभर राहते. म्हणून ग्लुकोज दिल्यावर उठलेला इस्तारी दोन घंट्यात परत पडला. दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या नव्हत्या. त्या कुटून या मसाल्यात येत होत्या."

"पण पहिला गिलास मीच पितो!" मास्तर पुटपुटले.

"वरचा पेता, मास्तर. ही पूड पाण्यात विरघळत नाई, बुडाशी बसते. वरच्या गिलासात थोडी, म्हणून तुमच्या गिऱ्हाइकाची साखर बेताची उतरे अन् तुमचा जयजयकार होये. जो शेवटी आला, त्याच्या पोटात साऱ्या मडक्याच्या गोळ्या. सुगंधाबाई शेवटची. बुधू शेवटचा. इस्तारी शेवटचा, अन् वरून उपाशी."

तिने पुडी कागदावर उलटी केली आणि चिमट्याने एक पांढरी कपची उचलली. अर्ध्या गोळीची. मधोमध पाडलेली रेघ स्पष्ट दिसत होती.

"हे जिरं नोहे. खलबत्त्यातून सुटलेलं हाय."

सुरेंद्रचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. "नागपूरची कंपनी येणार होती बाटल्या भराले," तो तिरसटपणे म्हणाला. "त्यात माहा बी वाटा होता. त्यायले आकडे पाहिजे होते. मास्तरच्या नुसत्या ताकानं काय घंटा आकडे येतीन? अन् कोणाचं वाईट केलं मी? लोकायची साखर उतरली का नाई?"

"बुधूची बी उतरली," शगुफ्ता म्हणाली.

जमादाराने सुरेंद्रचा दंड धरला. मडकं आणि पुडी त्याच दिवशी सीलबंद होऊन तपासणीला गेली. तीन आठवड्यांनी आलेल्या अहवालात तेच होतं जे शगुफ्ताने एका गिलास पाण्यात दाखवलं होतं.

इस्तारी वाचला. पण मेंदू दोनदा उपाशी राहिला होता. तो माणसं ओळखायचा, हसायचा. मात्र जाळं हातात घेतलं की कोणती गाठ आधी आणि कोणती नंतर हे त्याला आठवेना. गिरजा शेजारी बसून त्याला एकेक गाठ दाखवायची.

शगुफ्ताने आपल्या सहीच्या सगळ्या चिठ्ठ्या त्या फळीखालून स्वतः काढून आणल्या. साखर का उतरली, हा प्रश्न तिने दोन महिने आधी विचारायला हवा होता. गावाला मूर्ख म्हणताना आपण फक्त आकडे लिहीत बसलो, हे तिला गिळायला जड गेलं.

गुणवंतराव एका दुपारी गिरजाच्या घरी गेले आणि दारातच हात जोडून म्हणाले, "चूक झाली, बाई. माफ कर."

गिरजा सुपात तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली नाही. "मास्तर, माह्यावर आळ घेतला तो भर बाजारातून आलेल्या लोकायसमोर. माफी घरात येऊन काऊन मांगता?"

पुढच्या बाजारात मास्तर चिंचेखालच्या ओट्यावर चढले. शगुफ्ता भाजीच्या पालाशी उभी राहून पाहत होती. आजूबाजूला लोक थांबले. दोघांनी ताक परत कधी सुरू होणार ते विचारून घेतलं, तेव्हा तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झाले.

"गिरजाचा काही दोष नव्हता," मास्तर खाली पाहत म्हणाले. "मी खोटं बोललो."

टोपलीमागून गिरजाचा आवाज आला.

"ऐकू नाई येऊन राह्यलं, मास्तर. मोठ्यानं बोला."