चुकीच्या दाराशी

दारावर टकटक झाली तशी मी धावत जाऊन दार उघडलं. नवरा नव्हता. कमरेला टॉवेल आणि अंगात बायकोचा फुलाफुलांचा कोट घातलेले एक म्हातारे काका धुक्यात कुडकुडत उभे होते.

"बाई, तुमचं काही हरवलंय का?"

"माझा नवरा... कुठे दिसला? पडला का? लागलंय का त्याला?"

"छे हो! घोरतोय. माझ्या पलंगावर."

मी तिथेच पायरीवर बसले आणि चक्क रडायला लागले.

त्याचं असं होतं. माझा नवरा अख्खी डोंगररांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालायला निघालाय. पायवाट जिथे रस्त्याला मिळते तिथे मी भाड्याचा कॅम्पर, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, घेऊन जाऊन थांबते. गरम जेवण, पाणी, कोरडे मोजे, सगळं तयार. हा येतो, जेवतो आणि मी तोंड उघडेपर्यंत झोपतो! आज सकाळी माझं डोकंच फिरलं. "मी बायको आहे की फिरती खानावळ? आज शेवटचं वाढते, उद्या चालले मी घरी. तू बस डोंगर धरून!" तो बूट चढवून निघून गेला.

दुपारी धुकं उतरलं. बाकीचे चालणारे एकेक करून खाली आले, हा काही येईना. पायवाटेच्या तोंडाशी उभं राहून हाका मारून मारून माझा घसा बसला. त्याच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य तेच ठरलं तर? माझा जीव अर्धा झाला होता. बचाव पथकाला फोन लावायला गाडीत आले, तोच ही टकटक.

"तुमची गाडी पांढरी, मागच्या वळणावरची आमचीही पांढरी, एकाच कंपनीची," काका सांगू लागले. "आमची ही दुकानात गेलेली, मी अंघोळीला. हा धुक्यात वाट चुकून तिकडेच उतरला, आत आला आणि बाथरूमच्या दाराला टेकून बोलायलाच लागला."

"अहो, मग सांगायचं ना, आत तुम्ही आहात म्हणून!"

"सांगणारच होतो. पण तो रडायला लागला हो... रडणाऱ्याला मध्येच कसं तोडायचं? मी नुसतं 'हं' म्हणालो. तर म्हणतो, 'आवाज किती बसलाय तुझा, फार रडलीस ना?'"

मला रडता रडता हसू फुटलं. "पण बोलला काय?"

"ते नाही सांगणार. चुकून ऐकलं, सांगितलं तर चहाडी होईल. चला, उठवा त्याला. माझी पँट त्याच्या अंगाखाली आहे!"

नवरा चिखलासकट आडवा पसरला होता. मी खांदा हलवला.

"आलीस बाहेर?" त्याने डोळे किलकिले केले.

"मी आत नव्हतेच."

"मग... आत कोण होतं?"

दारातून काका खाकरले. नवऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. "अरे देवा!"

"आता पुन्हा बोल. मला."

"यांच्यासमोर?"

"त्यांना पाठ आहे."

काका घाईघाईने पाठ फिरवून उभे राहिले. नवऱ्याने माझा हात धरला. त्याचा हात थंडगार होता.

"शेवटी शेवटी पाय उचलत नाहीत गं. आता तुझी गाडी दिसेल, आता दिसेल, असं म्हणत चालतो. आल्यावर बोलायला गेलो तर रडूच येईल असं वाटतं... म्हणून जेवतो आणि झोपतो. तू घरी जाणार असशील तर मीही येतो. राहू दे उरलेला डोंगर. तू नसलीस तर टोकाला पोचून सांगू कुणाला?"

मी त्याला घट्ट मिठी मारली. चिखल, घाम, सगळ्यासकट.

"मी कुठेही जात नाही. पण उद्या चालणं बंद. उद्या दिवसभर माझ्याशी बोलायचं, नाहीतर तंगडी मोडेन."

"आणि परवा?"

"परवा जा."

"मग जाताना सकाळसारखं नको ना बोलूस," तो हळूच म्हणाला. "दुसरं काहीतरी बोल."

"आवडतोस रे मला," मी म्हटलं. "दमलेला, मुका, चुकीच्या पलंगावर घोरणारा, कसाही. फक्त परत येत जा."