इंद्रायणीची परवानगी

सेक्टर त्रेचाळीसच्या बस अड्ड्यामागच्या दुकानातून गंधार पेनड्राइव्ह घेऊन निघाला तेव्हा दुपार होती, पण दिवस उजाडलाय असं वाटत नव्हतं. जानेवारीचं धुकं चंदीगडवर ओल्या गोधडीसारखं पडून होतं. उडालेल्या सिस्टिम फाइल पुन्हा बसवायची सोय दुकानदारानं त्यात भरून दिली होती. घरी जाऊन लावायचं, बस. सुश्रुत यायच्या आत.

सुश्रुत हा इंद्रायणीताईबरोबर सेक्टर सदुसष्टच्या संस्थेत औषधांवर संशोधन करणारा. तिचं अर्धवट राहिलेलं काम घरच्या काँप्युटरमधून काढून तिच्याच नावानं पुरं करायचं त्यानं बाबांना कबूल केलं होतं. आणि मशीन का बंद पडलं, हे त्याला बघताक्षणी कळलं असतं.

गंधारनं दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. नाद एकच, गेमचा. जागा पुरेना म्हणून त्यानं मागे एकदा काही फाइल उडवल्या होत्या. एवढ्या जड आहेत आणि कोणी उघडतही नाही, म्हणून. नेमक्या त्यांच्यावरच मशीन चालत होतं. ताईनं ते दुरुस्त केलं आणि त्या फाइलना आपल्या पासवर्डचं कुलूप घातलं. पासवर्ड चुकला की मालकानं लिहून ठेवलेला इशारा खाली दिसतो. तिनं लिहिलं होतं, ‘गंध्या, हात काढ.’ बाबासुद्धा हसले होते.

मग त्यानं तिच्या खांद्यावरून पाहून पासवर्ड चोरला आणि नव्या गेमसाठी पुन्हा तेच केलं. काळा पडदा बघून तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, लाइट गेली आणि आपोआप बंद पडला. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. संस्थेतल्या मशीनवर बसावं म्हणून ती पहाटेच्या धुक्यात स्कूटर काढून निघाली. वाटेत ट्रक आला. ती पोचलीच नाही.

तिरडीला खांदा देताना लोक म्हणाले, पोरगा किती खंबीर आहे. त्या शब्दांनी त्याचा चेहरा अजून जळत होता.

घरात आता बाबा आणि तो, दोघंच. बाबा आतल्या खोलीत पडून होते. गंधारनं ताईच्या खोलीचं दार लोटलं. तिच्या लॅबच्या कपड्यांना येणारा स्पिरिटचा वास अजून तिथंच होता, किंचित ताजा. त्यानं बटण दाबलं. पेनड्राइव्ह अजून खिशातच होता.

मशीन सुरू झालं.

काळा पडदा नाही, काही नाही. पंखा हळूहळू घरघरायला लागला, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. उडवलेल्या फाइल जागच्या जागी होत्या. त्यानं एकीला हात लावला, तशी पाटी आली, बदल करण्यासाठी इंद्रायणीची परवानगी लागेल.

त्यानं चोरलेला पासवर्ड टाकला. चूक. खाली इशारा उमटला.

‘लाइट गेली होती का?’

गंधारच्या मानेवर काटा आला. हे तिनं लिहिलं कधी? तो खोटं बोलला तेव्हा मशीन बंद होतं, आणि सकाळी ती निघून गेली तेव्हाही बंदच होतं. त्यानं टाइप केलं, मी उडवल्या, ताई. काळे ठिपके एकामागून एक उमटले.

चूक. इशारा बदलला.

‘मला नको. बाबांना.’

स्पिरिटचा वास आता खांद्याशी आला होता. तिनं मागून वाकून पडद्यात बघावं, इतक्या जवळ. त्याला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. डोळे मिटून, भिंतीला हात लावत तो आतल्या खोलीत गेला.

बाबा पलंगावर उठून बसले होते. जणू वाटच बघत होते.

“बाबा… लाइट गेली नव्हती.”

मग त्यानं सगळं सांगितलं. फाइल, पासवर्ड, गेम. मान वर न करता. बाबा रागावले नाहीत, आणि तेच त्याला सोसवेना.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “इंदूनं सांगितलं. फोनवर. त्याला तुम्ही विचारू नका म्हणाली… तो येईल आपणहून.”

“निघण्याआधी?”

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

“तेव्हा मी हॉस्पिटलात उभा होतो. ती समोरच होती… तोंडावरून चादर ओढलेली.”

त्यांनी स्वेटरच्या खिशातून मोबाइल काढला. त्या दिवसापासून त्यांनी तो एकदाही बंद होऊ दिला नव्हता. दोघांच्या मधे, पलंगावर, त्यांनी तो हलकेच ठेवला.

“तू सांगितलंस की परत फोन करते म्हणाली.”